मधल्या पानावरचं मांजर

मित्रांनो, स्टेपलर म्हटलं की तुम्हाला दप्तरातला तो चिमुकला आठवत असेल, चार कागद टोचले की दमणारा. मी जातीनं त्याचाच भाऊबंद, पण माझा हात तुमच्या कोपरापासून बोटांपर्यंत पुरेल एवढा लांब आहे. पुस्तिका घडीच्या बरोबर मध्यावर टाचायची तर तेवढा लांब हात लागतोच. आता माझं वय झालं आहे, हिरवा रंग जागोजागी उडाला आहे आणि स्वभावही जरा कुरकुरा झाला आहे. तेवढं सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघून मी थेट एका लहानशा छापखान्यात आलो. तिथं बसची वेळापत्रकं, शाळांची वार्षिकं, औषधांच्या माहितीपुस्तिका असं काहीबाही छापलं जाई. बांधणीच्या टेबलावर एक बाई होत्या. त्यांना सगळे आत्याच म्हणत, कारण त्यांची भाची शाळा सुटली की तिथंच येऊन रद्दी कागदांवर चित्रं काढत बसायची. आत्या कागदांचे गठ्ठे ओळीनं मांडत, प्रत्येकातून एकेक कागद उचलून एकात एक घालत, घडी पाडत आणि माझ्या तोंडात देत. हे करताना त्या कधी खाली पाहत नसत. त्यांच्या हातांना जागा पाठ होत्या, आणि तोंड तर हातांपेक्षाही जोरात चालायचं. "आत्याबाईंच्या बोटांना डोळे आहेत," असं मालक म्हणत. त्यातली निम्मी शाबासकी मी माझ्याकडे वळवून घेत असे.

मग छापणारं, दुमडणारं आणि टाचणारं असं एकच मोठं यंत्र आलं. मला खालच्या फळीवर फडक्यांच्या शेजारी ढकलण्यात आलं. पुढं छापखानाच बंद पडला, तेव्हा आत्यांनी मला काखेत मारून घरी नेलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. फुटक्या बादलीच्या संगतीत मी कितीतरी दिवस काढले. गंजही चढला. बादलीला बोलायची आवड नव्हती, त्यामुळे कंटाळा फार यायचा.

त्याच काळात आत्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज परत आला, पण पार फाटका, खरखरीत. एकदा दुकानात कुणीतरी त्या आवाजाला हसलं. तेव्हापासून त्या फक्त घरात, भाचीशीच बोलत. बाहेर खुणांनी किंवा बोटानं टेबल ठोकून काम भागवत. एके काळी अख्ख्या छापखान्याला बोलून हैराण करणारी ही बाई गप्प झालेली पाहून मला फार वाईट वाटायचं.

भाची मोठी झाली. दिवसा ती एका कंपनीत बिस्किटांच्या पुड्यांवरची चित्रं काढायची आणि संध्याकाळी स्वतःची. आमच्या शहरात दरवर्षी चित्रकथांचा मेळा भरतो. मोठं प्रकाशन नाही, दुकान नाही, ज्यानं काढलं त्यानंच छापून घ्यायचं आणि त्यानंच टेबलामागे बसायचं. पुस्तिका टाचायला भाचीला लांब हात हवा होता, म्हणून मी माळ्यावरून खाली आलो. तिनं मला घासलं, शिवणयंत्राचं तेल घातलं. मी पुन्हा पहिल्यांदा टक् केलं तेव्हा आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मला पाणी सोसत नाही.

मेळा मला आवडतो. शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा, शाईचा वास, बोटं निळी झालेली माणसं. पण भाचीच्या टेबलाशी मात्र वर्षानुवर्षं एकच प्रकार चालायचा. लोक पुस्तिका उचलत, भाजी निवडावी तशी उलटीपालटी करत आणि "छान आहे" म्हणून खाली ठेवत. काही जण घेऊनही जात. पण वाचून कुणी चकार शब्द बोलायला परत आलं नाही. मुलगी दरवर्षी थोडी थोडी कोमेजत गेली.

यंदा तिनं आत्यांचीच गोष्ट काढली होती. दवाखाना, गळ्याची पट्टी, खुणांनी बोलणारं घर. पट्टी सुटल्यावर आत्या बोलतात की नाही, हे अगदी मधल्या चार पानांत होतं. चित्राची शोभा जाते म्हणून तिनं पानांना आकडे घातले नव्हते. चित्रकार मंडळींचा हा हट्ट जुना आहे, त्यापुढे मी काय बोलणार?

सकाळी हॉल उघडण्यापूर्वी आम्ही टेबलाशी पुस्तिका टाचत होतो. शेजारी एक दाढीवाला तरुण होता. तो फक्त मांजरांच्या गोष्टी काढायचा, म्हणून त्याला सगळे मांजरवाला म्हणत. त्याच्याकडे लांब हाताचा स्टेपलर नव्हता. "मावशी, माझ्याही टाचून द्याल का?" असं त्यानं विचारल्यावर आत्यांनी मान डोलावली आणि त्याचे गठ्ठे आमच्या गठ्ठ्यांशेजारी मांडून घेतले. दोघांचा कागद एकाच मापाचा, शाईही एकाच छापखान्यातली निळी.

तेवढ्यात संयोजक बाई आल्या. "पुढच्या वर्षी हेच टेबल तुमच्यासाठी धरू ना?"

"नको," भाची म्हणाली. "आमचं धरू नका. मी आता बंद करतेय हे सगळं. कुणी वाचतच नाही, तर उगाच कागद कशाला खराब करायचे?"

आत्यांचे हात थांबले. त्यांना हे घरी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी भाचीकडे पाहिलं, पण तिनं मान वर केली नाही. उलट काहीतरी करायचं म्हणून गठ्ठे उचलून तिनं टेबलावर चादर अंथरली आणि गठ्ठे परत ठेवले. ठेवताना मधल्या पानांचे दोन गठ्ठे, एक आमचा आणि एक मांजरवाल्याचा, एकमेकांच्या जागी गेले. आत्या पुन्हा कामाला लागल्या. हात आपल्या जागांवर जात होते आणि डोळे भाचीच्या चेहऱ्यावर होते. मला फक्त वरचं मुखपृष्ठ दिसतं, पुस्तिकेच्या पोटात काय चाललंय ते मला काय कळणार? मी आपला टक् टक् करत राहिलो.

दुपारी एक बसचालक गणवेशातच परत आला आणि पुस्तिका भाचीपुढे धरली. "ताई, दवाखान्यात एकदम मांजर कुठून आलं? आणि ते मासे का चोरतंय?"

भाचीनं मधलं पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. तोवर शेजारच्या टेबलाशी दोन मुली मांजरवाल्याला विचारत होत्या, "तुमच्या मांजराच्या गळ्याचं ऑपरेशन कशासाठी केलं?"

आत्यांचा चेहरा पांढरा पडला. आयुष्यात त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्यांनी लगेच उरलेल्या पुस्तिका पुढ्यात ओढल्या. बोथट सुरीनं पिना उघडायच्या, मांजर बाहेर काढायचं, आपली पानं आत घालायची आणि पुन्हा माझ्या तोंडात द्यायचं. मांजरवाला हसत हसत त्याची पानं गोळा करत होता आणि त्याच्या पुस्तिकांतली आमची पानं परत देत होता.

पण मित्रांनो, खरी गंमत पुढंच होती. लोक येतच राहिले. एक परिचारिका आली, एक म्हातारं जोडपं आलं, एक बाप कडेवरच्या मुलीला घेऊन आला. ओरडायला कुणी आलं नव्हतं. प्रत्येकाला हरवलेली चार पानं हवी होती. भाची प्रत्येकाला पानं देत होती आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. इतकी वर्षं तिला वाटलं होतं की पहिल्या पानापुढं कुणी जात नाही.

शेवटी हातात पिशव्या घेतलेली एक बाई धापा टाकत आली. "अहो, मी बसस्टॉपवरून परत आले. दोघी घरी चालल्यात हे दिसतं शेवटी, पण एवढंच सांगा, आत्या बोलली का?"

भाचीनं ती चार पानं तिच्यापुढं धरली आणि आत्यांकडे पाहिलं. तेव्हा माझ्यावर ठेवलेला हात उचलून आत्या उभ्या राहिल्या.

"बोलली," त्या म्हणाल्या. त्यांच्या त्याच फाटक्या, खरखरीत आवाजात, भरल्या हॉलमध्ये. "पण आवाज असा झालाय. तुम्ही वाचा आधी."

ती बाई हसली नाही. तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि तिथंच उभ्या उभ्या ती चार पानं वाचली. मग तिनं आत्यांचा हात हातात घेतला. भाची उठली आणि रांगेच्या टोकाला असलेल्या संयोजक बाईंकडे गेली. "आमचं टेबल धरा," असं ती म्हणाली, ते मला इतक्या लांबूनही ऐकू आलं.

मित्रांनो, मला वेळच्या वेळी तेल घाला, पिना कोंबू नका, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठी विनंती वेगळीच आहे. कुणी स्वतःच्या हातानं केलेलं पुस्तक तुमच्या हाती आलं, तर मधल्या पानापर्यंत जा. आणि मनात काही आलं, तर बस चुकली तरी चालेल, परत येऊन सांगा. टेबलामागचं माणूस तुमच्या तोंडाकडे बघत बसलेलं असतं.