एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्य

दोघी बहिणींपैकी थोरली कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि फावल्या वेळात आकाशाच्या बातम्या द्यायची. त्यासाठी ती इंटरनेटवर एक पान चालवायची. नवा धूमकेतू सापडला, एखादं यान कुठे उतरलं, ताऱ्यांचे नकाशे फुकट कुठे मिळतात, सगळं ती पडताळून सोप्या भाषेत मांडायची. वाचणारे विद्यार्थी आणि हौशी मंडळी मोजकीच होती, पण कुणाचाही प्रश्न तिने अनुत्तरित ठेवला नाही.

धाकटी दातांची डॉक्टर. ताईकडूनच तिने हे वेड उचललं आणि दोन पेशंटच्या मधे, दवाखान्याच्या कललेल्या खुर्चीत बसून छोटे व्हिडिओ करू लागली. दाताचे डॉक्टर दिवसाढवळ्या तारे दाखवतातच, असं वडील सगळ्यांना हसत सांगत. बघता बघता तिचे व्हिडिओ लाखभर लोक बघू लागले. थोरलीने आठवडाभर खपून लिहिलेलं धाकटी चुटकीसरशी सांगून मोकळी व्हायची, आणि लोक तिच्या हसण्यावरच खूश. थोरली तोंडदेखलं कौतुक करायची आणि आतल्या आत जळायची. वर्गातल्या एका मुलीने त्या व्हिडिओतल्या डॉक्टर तुमच्या कोण, असं विचारलं, तेव्हा ती ऐकलं न ऐकल्यासारखं करून फळ्याकडे वळली.

सूर्यग्रहण जवळ आलं तसा धाकटीने एक व्हिडिओ टाकला. जुन्या एक्स-रे फिल्म एकावर एक डोळ्यांपुढे धरून ती सांगत होती, की यातून खुशाल सूर्य बघा.

फिल्ममधून न दिसणारे किरण पार होतात आणि डोळा कायमचा जाऊ शकतो, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. तिने धाकटीचा नंबर काढलाही. मग फोन खाली ठेवला. मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ती आपल्या पानावर लिहायला बसली: फिल्म का घातक, ग्रहणाचा खरा चष्मा कसा ओळखायचा. वर धाकटीचं फिल्म धरलेलं चित्र लावलं. ते लेखन वणव्यासारखं पसरलं. लोक धाकटीला नाही नाही ते बोलले.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला.

"तू बरोबर आहेस. व्हिडिओ काढून टाकलाय," ती म्हणाली. "पण ताई, आधी मला का नाही सांगितलंस?"

"वेळ नव्हता."

धाकटीने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने नवा व्हिडिओ केला. चूक कबूल केली, आणि आकाशातलं आपल्याला जे कळतं ते मोठ्या बहिणीमुळे, ग्रहणाचं तिलाच विचारा, असं सांगितलं. थोरलीच्या पानावर रीघ लागली. वर्षानुवर्षं हवं होतं ते मिळालं, पण जो तो 'तुमच्या बहिणीने पाठवलं' असंच लिहायचा. ते दान तिच्या घशाखाली उतरेना. तरी एकेकाला उत्तर देत राहिली. लोकांच्या डोळ्यांचा प्रश्न होता.

ग्रहणादिवशी कॉलेजच्या मैदानावर धाकटी आली आणि मुलींनी तिला गराडा घातला. थोरलीला पुन्हा तिचा हेवा वाटला. चष्मे वाटत ती धाकटीपर्यंत पोचली आणि एक तिच्या हातात दिला.

"फोन करायला वेळ होता," ती हळूच म्हणाली. "करावासा वाटला नाही."

"माहीत होतं मला." धाकटीने चष्मा लावून मान वर केली. "आता सांग, चंद्र कुठल्या बाजूने शिरतोय?"

थोरली सांगू लागली. मुलींनी चित्रण करायला फोन वर धरले, ते सगळे धाकटीकडे वळलेले. थोरलीने ते पाहिलं, पण सांगणं थांबवलं नाही.