गिरजामावशींचा शेक

ओलसर सुती कापडावर तापलेली इस्तरी टेकताच चर्र आवाज होतो, पांढुरकी वाफ वर येते, आणि त्या वाफेमागे मला आजही गिरजामावशींचा चेहरा दिसतो. रुंद, सावळा, कपाळावर घामाने किंचित पसरलेलं कुंकू. धंतोलीतल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात, जिन्याखालच्या जागेत त्यांचं इस्तरीचं टेबल होतं. आसपासच्या दवाखान्यांतले एप्रन, आमचे कुर्ते, कुणाची लग्नात नेसायची साडी, सारं त्यांच्या हाताखालून जाई. त्या उमरेडच्या विणकर घरातल्या. घरचे माग थांबले आणि त्या नागपुरात आल्या. पण कापडाला स्पर्श करण्याची रीत विणकराचीच राहिली. बोटं आधी पोत ओळखत, मगच इस्तरी पुढे सरके.

मी तेव्हा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नुकती लागले होते. दर महिन्याचे दोन दिवस ओटीपोटात वेदनेचा पीळ बसे, कंबर दगडासारखी जड होई, आणि मी ओठ घट्ट मिटून रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवत राही. आमच्या घरी या दुखण्याविषयी कुणी बोलत नसे. बाजूला बसायचं, एवढंच ठाऊक होतं. डिसेंबरातल्या एका सकाळी, नागपूरची कोरडी थंडी हाडांत उतरलेली असताना, जिना उतरता उतरता मी मध्येच बसले.

“काहून वं, पोट दुखून राहिलं का?” मावशींनी इस्तरी उभी ठेवत विचारलं.

मी नुसती मान हलवली. त्यांनी हातमागावर विणलेल्या जुन्या धोतराचा तुकडा काढून चार पदरी घडी घातली, तिच्यावर इस्तरी फिरवली, आणि घडी आधी स्वतःच्या मनगटाला आतल्या बाजूने लावून पाहिली.

“कुर्त्यावरूनच ठेव. चामडी पोळू देऊ नको.”

ती ऊब पोटावर हळूहळू पसरत गेली, जशी हिवाळ्यातली उन्हं अंगणाच्या एकेका फरशीवर सरकतात. आवळलेलं काहीतरी आत सैल झालं. त्या दिवशी मी कामावर उशिरा पोहोचले, पण ताठ चालत. पुढे दर महिन्याला न मागता ती घडी मिळू लागली. मला, आणि जिन्यावर रेंगाळणाऱ्या इतर मुलींनाही.

उन्हाळा येईतो माझं दुखणं दोन दिवसांवरून पाच दिवसांवर गेलं. शेक घेऊनही डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. मी आणखी गरम घडी मागितली, तेव्हा त्यांनी इस्तरीचं बटन बंद केलं.

“शेक दुखणं झोपवते पोरी, काढत नाही. मी अठरा वर्षं झोपवलं. बत्तिसाव्या वर्षी पिशवी काढा लागली. लेकरू झालंच नाही मले.” त्यांनी पदर खोचला. “चाल. चप्पल घाल.”

कपड्यांचे गठ्ठे तसेच ठेवून भरदुपारी त्या मला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. तपासण्या झाल्या. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेरही वाढत होतं. वेळेत आलात, औषधांनी आवरता येईल, डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि बरं वाटतं तोवर शेकही चालू ठेवा. मग मावशींकडे पाहून त्यांनी विचारलं, “या कोण तुमच्या?”

“मावशी,” मी म्हटलं.

आजवर हजारदा उच्चारलेला तो शब्द त्या क्षणी प्रथमच खरा झाला. गिरजामावशींनी मान खाली घातली आणि पदरावरच्या नसलेल्या चुण्या तळहाताने सरळ करत राहिल्या.

वर्षभरात माझी वेदना आटोक्यात आली. माझं लग्न झालं, पत्ता बदलला; वसतिगृह बंद पडलं, आणि मावशी भावाकडे उमरेडला परतल्या. जाऊ जाऊ म्हणताना वर्षं गेली. अखेर गेले, तेव्हा दारात त्यांची भावजय उभी होती. मावशी मागच्याच पावसाळ्यात गेल्या, असं तिने सांगितलं, आणि आत येऊन पाणी तरी घ्या म्हणाली.

आता माझ्याकडे विजेवर तापणारी पिशवी आहे. बटन दाबलं की ऊब येते. पण “बरं वाटतंय” हे दोन शब्द ज्यांना सांगायचे होते, त्या नाहीत. काळ माणूस नेतो तो एकदाच. त्याला सांगायचं राहिलेलं मात्र दर महिन्याला पुन्हा नव्याने ओठांवर येत राहतं.