काळ्या खिडकीतला नायक

“नुजहत पोरी, हे तुले पटनार नाही. तुह्या बापाले तर अजिबातच नाही,” डोंगरसिंग म्हणाला आणि बाकावर मांडी घालून बसला. “पन सांगतो.”

तो मांडी घालून बसला हे पाहून जब्बारने हातातली मोटार खाली ठेवली. फुलसावंगीतल्या त्याच्या रिवायंडिंगच्या दुकानात रोज ऊठबस असणाऱ्यांना एवढं ठाऊक होतं, की पाय खाली सोडून सांगितलेली डोंगरसिंगची गोष्ट अर्ध्या चहात संपते. मांडी घातली की चूल पुन्हा पेटवावी लागते.

आज मात्र डोंगरसिंग गोष्ट सांगायला आलाच नव्हता. तो काम मागायला आला होता. नुजहत ही जब्बारची थोरली मुलगी. गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगवर ती कॉम्प्युटर सांभाळायची. ईद झाली की तिचं लग्न होऊन ती पुसदला जाणार होती, आणि जिनिंगच्या मालकाने तिला सांगून टाकलं होतं, “तुझ्या जागी माणूस तूच पाहा. तुला पटला की मला पटला.”

डोंगरसिंगला ती जागा पाहिजे होती. त्या साली पऱ्हाटीवर लाल्या रोग आला होता, आणि जो काही कापूस निघाला त्याच्याकडे व्यापारी असे बघत होते जसं कोणी पाव्हण्याच्या रडक्या पोराकडे बघतं. त्याच्या बंजारा तांड्यावर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक उद्या सकाळी येणार होता. बायको गंगीने कोयत्यांना धार लावून ठेवली होती. गेल्या हंगामात ऊस तोडून आल्यावर डोंगरसिंगची कंबर अशी वाकली होती, की पुढे बराच काळ तो माणसं चपलांवरून ओळखत होता. त्यामुळे आज नुजहतने मान डोलावली तर खुर्ची, नाही डोलावली तर ट्रक.

“काका, मी तं साधंच विचारलं,” नुजहत म्हणाली. “जिनिंगवरचं नेट बंद पडलं, मालक डोक्यावर उभा हाये. तुमी काय करान?”

याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण एका ओळीत उत्तर द्यायचं म्हणजे डोंगरसिंगला न पेटवलेली बिडी ओढल्यासारखं वाटायचं. त्याने मुकुटबनपासून सुरुवात केली. मुकुटबन जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याच्या बहुतेक खऱ्या गोष्टी तिकडेच घडत, कारण तिथवर जाऊन तपासायला कोणाजवळ वेळ नव्हता.

मुकुटबनला त्याच्या भाच्याचं, राजकुमारचं, नेट कॅफे होतं. डोंगरसिंग तिथे जाऊन बसे तो पंख्यासाठी. फुकटचा वारा खाणाऱ्या मामाला काहीतरी काम लावावं म्हणून राजकुमारने त्याला एक काळी खिडकी उघडून दिली. तीत चित्र नाही, रंग नाही, बाण नाही. आपण टाइप करायचं आणि तिने उत्तर द्यायचं. डोंगरसिंगला ती खिडकी फार आवडली, कारण ती मधे बोलत नव्हती.

पहिला हुकूम होता आयपीकॉनफिग. तो सोडला की खिडकी सांगते, तू कोण, तुझा पत्ता काय आणि तुझा गेटवे कोणता. “मामा, आपल्या इथून जे काई बाहेर जाईन, ते या गेटवेच्याच हातून जाईन,” राजकुमार म्हणाला.

“म्हंजे नायक,” डोंगरसिंग म्हणाला.

तांड्यात पाव्हणा येवो, सोयरीक येवो, नाहीतर भांडण बाहेर जावो, आधी तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या दाराशी. राजकुमारने कपाळाला हात लावला, पण त्यात चूक काही त्याला काढता येईना.

पंचाईत पुढे झाली. हा गेटवे म्हणजे टेबलामागे धुळीत पडलेला, लुकलुकणारा एक डबा आहे, हे डोंगरसिंगच्या लक्षात आलं, आणि त्याचा जीव कासावीस झाला. नायक अन् जमिनीवर? त्याने डब्याला उचलून फळीवर घडी घातलेल्या गोधडीवर बसवलं आणि वरून आपली लाल पगडी चांगली घट्ट बांधली. रोज सकाळी तो डब्याला राम राम घालू लागला. आणि रोज दुपारी नेट बंद पडू लागलं.

राजकुमारने टेलिफोनवाल्यांना फोन करकरून त्यांना आपला आवाज पाठ करून दिला. शेवटी एकदा त्याचा हात पगडीला लागला.

“डबा कसा तापला होता म्हनता जब्बारभाई?” डोंगरसिंग म्हणाला. “त्या पगडीखाली गंगीनं दोन भाकरी शेकल्या असत्या. तिसरी करपली असती.”

“गंगीभाभी कुठून आली मुकुटबनले?” जब्बारने विचारलं.

“आली असती तं, म्हनतो ना म्या.”

पगडी काढली, डबा थंड झाला, नेट आलं. पण बातमी तोवर तांड्यावर पोचली होती. खरा नायक देवसिंग तणतणत कॅफेत आला. “डोंगऱ्या, म्या जित्ता असतानी दुसऱ्याच्या डोक्यावर पगडी?”

“नायक, तो गरम झाला म्हून उतरवली,” डोंगरसिंग म्हणाला. “तुमी किती बी गरम झाले तरी तुमची कोनी उतरवते काय?”

देवसिंगला हे इतकं पटलं की तो संध्याकाळपर्यंत तिथेच बसला. पंख्याखाली.

नुजहत तोंडावर ओढणी धरून हसत होती. “गेटवे गरम होऊन हँग होते, हे बराबर हाये,” ती म्हणाली. डोंगरसिंगच्या डोळ्यांपुढे टोळीचा ट्रक एक गाव मागे सरकला.

“मंग नेट बंद पडलं तं?” तिने पुन्हा विचारलं.

“तेच तं सांगून राह्यलो.”

दुसरा हुकूम पिंग. हा म्हणजे हाक. ज्याला मारायची त्याचा पत्ता द्यायचा, खिडकी चार हाका मारते आणि किती ओ आल्या ते सांगते. आधी स्वतःला हाक मारायची, आपण घरी आहोत का हे पाहायला. मग नायकाला. मग तांड्याबाहेरच्या जगाला. जिथून ओ येणं थांबलं, त्याच्या अलीकडलं सगळं धड. डोंगरसिंगला ही रीत इतकी भिनली की बहिणीच्या घरीही तो तसाच वागू लागला. बहीण जेवायला वाढून बसलेली, आणि हा दारात उभा राहून आधी मोठ्याने म्हणे, “डोंगरसिंग!” मग स्वतःच, “ओ!” मग आत पाऊल. बहिणीला चार हाका मारून सांगे, “तीन पोचल्या, एक वाटेत हरवली.” बहिणीने लाटणं फेकलं ते मात्र पहिल्याच खेपेला पोचलं.

“अब्बा, आधी सवताले, मंग गेटवेले, मंग बाहेर,” नुजहत बापाकडे वळून म्हणाली. “क्रम एकदम बराबर सांगतला काकानं.”

ट्रक आणखी दोन गावं मागे गेला. आता गप्प बसावं, असं डोंगरसिंगला मनापासून वाटलं. चहा आला होता, पोरगी खूश होती, कंबर वाचण्याच्या बेतात होती. पण जीभ तापली होती, आणि तिच्यावरून पगडी काढणारं तिथे कोणी नव्हतं.

“मंग आला दहावीचा निकाल,” तो म्हणाला.

निकाल दुपारी नेटवर लागणार होता. मुकुटबन आणि आसपासची सगळी गावं राजकुमारच्या कॅफेत घुसली होती. जे आत मावले नाहीत ते खिडक्यांना लोंबकळत होते. एका आईने तर मुलाच्या आधी पेढेच आत पाठवले. एक वाजला आणि नेट मेलं.

लोकांनी राजकुमारकडे पाहिलं. राजकुमारने मामाकडे पाहिलं. डोंगरसिंगने बाह्या सारल्या आणि काळी खिडकी उघडली. स्वतःला हाक मारली. ओ. नायकाला हाक मारली. ओ. बाहेर हाक मारली. चिडीचूप. मग त्याने तिसरा हुकूम काढला, ट्रेसर्ट. हा वाटेतला एकेक मुक्काम मोजून दाखवतो. डोंगरसिंगचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुख पालथा घालायचे, त्यामुळे मुक्काम म्हटल्यावर त्याला कोणी शिकवायची गरजच नव्हती. पहिला मुक्काम नायक, उत्तर आलं. दुसरा मुक्काम गावातलं टेलिफोन ऑफिस, उत्तर आलं. तिसऱ्या मुक्कामाला उत्तराच्या जागी नुसत्या चांदण्या.

“तीन स्टार,” नुजहत पुढे सरकून म्हणाली.

“तीन चांदन्या. भर दुपारी. म्हंजे आपल्या घरात खोट नाही, गावाच्या हापिसात खोट नाही. खोट त्याच्या पुढच्या वाटेवर हाये.”

“हाव, बराबर! मंग तुमी कंप्लेंट दिली असन.”

हाव म्हटलं असतं तर काम तिथेच झालं होतं. डोंगरसिंगने तोंड उघडलं तेही हाव म्हणायलाच.

“कंप्लेंट?” तो म्हणाला. “म्या सायकल काढली.”

जब्बारने डोळे मिटले.

डोंगरसिंग वाटेला लागला. मागे निम्मं गाव. दुसरा मुक्काम ओलांडला आणि पुढे रस्त्याच्या कामाचं यंत्र उभं दिसलं. त्या यंत्राने कडेची माती अशी उकरली होती की पुरलेली काळी केबल तुटून दोन्ही टोकं आभाळाकडे तोंड करून पडली होती. आतले केसासारखे बारीक धागे उन्हात चमचम करत होते. अलीकडच्या टोकाशी मुकुटबनची लेकरं, पलीकडच्या टोकाशी त्यांचा निकाल, आणि मधे हातभर खड्डा.

“काय करन मानूस? म्या खड्ड्यात उतरलो. एक टोक या हातात, एक टोक त्या हातात. अन् गच्च धरलं.”

“कायले?” जब्बारने डोळे न उघडता विचारलं.

“म्या झालो ना मधली तार! जब्बारभाई, सारा निकाल माह्या आंगातून गेला. आधी खांद्यात मुंग्या आल्या, मंग काखेत अशा गुदगुल्या होऊन राह्यल्या का इचारू नका. फस्ट क्लासवाले सन्नकन गेले, समजलेच नाही. काठावर पास झालेले पोटात गुरगुर करत, हळूहळू सरकत गेले. नापास तं लय जड! एक पोरगं गनितात असं राह्यलं होतं का माह्या गुडघ्यातच अटकलं. म्या पाय झटकला तवा कुठं ते कॅफेत पोचलं. अन् तिकडून राजकुमार वरडून राह्यला, मामा, सोडू नका, अजून मुलींचा निकाल यायचा हाये! म्या धरूनच. घाम, गुदगुल्या, हसू. इतका करंट, इतका करंट…”

“काका!” नुजहतने कप बाकावर आपटला. “रस्त्याच्या कडेची ते केबल काचेची असते, काचेची! तिच्यातून उजेड जाते, करंट जातच नाही, मंग गुदगुल्या कायच्या झाल्या तुमाले? चांदन्यापर्यंत सारं खरं होतं, अन् मले तेवढंच ऐकाचं होतं. गंगीकाकूले सांगा, ट्रकात बसू नका म्हना. सकाळी जिनिंगवर या. पन सायकल काढल्यापासून पुढचं सारं खोटं हाये, सारं!”