मनगटावरची पकड

पेल्याच्या कडेला तो बारीक टवका उडालेला... आजही तोच पेला, आणि आत तेच भाजलेल्या जवाचं काळं पाणी, ज्याला इथं उगाच कॉफी म्हणतात. एल्डर विक्समने टवका पलीकडे फिरवला, एक घोट घेतला आणि घोटाबरोबर नेहमीचा प्रश्नही गिळला. अकरा आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा या खोलीत आला तेव्हा ‘आम्ही मॉर्मन लोक चहा-कॉफी घेत नाही’ हे वाक्य तो मनातल्या मनात पोर्तुगीजमध्ये जुळवत होता, आणि सेन्योर बेल्मिरोंनी काही न विचारता हे जव पुढे ठेवले होते. या गावात दार उघडलंच कुणी, तर आधी खरी कॉफी पुढे करतं आणि नको म्हटलं की नाक मुरडतं. म्हाताऱ्याला कसं कळलं? कॉफीने पोट बिघडत असेल त्यांचं, असं तेव्हा वाटलं. पण कपाटात खरी कॉफी होती. डबा त्याने डोळ्यांनी पाहिला होता.

पाल तेव्हाच चुकचुकली होती. पण चौदा महिने... चौदा महिने दारं तोंडावर आपटून घेतलेल्या माणसाने पालीकडे किती लक्ष द्यावं? दोन वर्षं देवाच्या कामाला द्यायची म्हणून आयडाहोतल्या बटाट्याच्या शेतांतून तो इथं कोविल्यां या पोर्तुगीज डोंगरगावात, बंद पडलेल्या लोकरीच्या गिरण्यांच्या या चढ-उतारांवर येऊन पडला, आणि चौदा महिन्यांत एकही बाप्तिस्मा नाही. त्याच्या चुलतभावाने ब्राझीलमध्ये तीस जणांना पाण्यात उतरवलं म्हणे. आई दर पत्रात ती संख्या लिहायची, वर ‘तुला आपली गंमत म्हणून कळवते’ असंही लिहायची. आता शनिवारी सेन्योर बेल्मिरो पाण्यात उतरणार होते. आईने ते रविवारी अख्ख्या मंडळीपुढे वाचून दाखवलं होतं.

समोरच्या खुर्चीत एल्डर तावारेश शांतपणे जव पीत होता. केप व्हर्देचा हा जोडीदार, त्याच्यासारखाच ‘एल्डर’, म्हणजे धर्मप्रचारक... मिशनच्या नियमाने दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, म्हणून गेले तीन महिने याच्याबरोबर उठणं, जेवणं, चालणं, भांडणं. तरी त्याच्या डोक्यात काय चालतं ते कळेल तर शपथ. त्याला दिसत नाही का, इथं पाणी मुरतंय ते? की दिसतंय, आणि तो मी कधी बोलतोय याची वाट बघतोय?

कारण ती दाराची गोष्टही होतीच. मागच्या महिन्यात तावारेशला फोन आला, खोलीत आवाज नीट येईना म्हणून तो जिन्यात गेला. सेन्योर बेल्मिरो लगेच उठले, उघड्या दाराला बूट अडकवला आणि विक्समची खुर्ची अशी ओढली, की त्याला जिन्यातला जोडीदार दिसत राहावा. वारा यावा म्हणून, ते म्हणाले. फेब्रुवारीत. डोंगरावर बर्फ असताना! गिरणीत चाळीस वर्षं लोकर रंगवणाऱ्या माणसाला आमचे नियम कुणी सांगितले?

विक्समने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, शनिवारी पाण्यात तोल जायला नको, थोडा सराव करून घेऊ. म्हातारा उठला. विक्सम त्याच्या शेजारी उभा राहिला, डावा हात पुढे केला आणि समजावायला तोंड उघडलं...

सेन्योर बेल्मिरोंच्या डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. घट्ट, बरोबर जिथं धरायचं तिथं. उजवं मनगट त्यांनी आपण होऊन त्याच्या तळहातात दिलं, मग तोच हात नाकाशी नेला, गुडघे वाकवले आणि डोळे मिटून मागे झुकू लागले. अजून काहीच सांगितलं नव्हतं. नाक धरायचं असतं, हे कुणाला सुचेल आपोआप? विक्समच्या दंडावर त्यांचं सगळं वजन आलं. किती हलका आहे हा माणूस, हेच आधी मनात आलं, आणि मग बाकीचं. हे अंग एकदा पाण्यात गेलेलं आहे. बाप्तिस्मा एकदाच असतो. दुसऱ्यांदा पाण्यात घालणं म्हणजे नुसती आंघोळ.

त्याने त्यांना उभं केलं. तावारेश खिडकीतून बाहेर बघत होता... अगदी ठरवून बघितल्यासारखा.

विचार. आत्ता विचार: ‘सेन्योर बेल्मिरो, हे कुठं शिकलात?’

“शनिवारनंतर तुम्ही कधी याल?” म्हाताऱ्यानेच विचारलं. मनगट अजून सोडलं नव्हतं.

“मंगळवारी. नेहमीसारखं.”

“हं,” ते म्हणाले. “त्यांनीही मंगळवारच म्हटलं होतं.”

कुणी, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विक्समने विचारलं नाही. त्यांनी मनगट सोडलं आणि पेले उचलून मोरीकडे गेले. पाठमोरे असताना त्यांनी शनिवारी पांढरी पँट आखूड तर होणार नाही ना, एवढंच विचारलं.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई दोना ग्रासा दारात उभ्याच होत्या. म्हाताऱ्याला मुलगी नाही, तरी जावई मात्र दोन-दोन, असं त्या वरच्या मजल्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. दर खेपेचा विनोद. तावारेश हसला. विक्समला हसू आलं नाही.

“तू पाहिलंस?” रस्त्यावर आल्यावर त्याने विचारलं.

“मी दाराच्या वेळीच ओळखलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुला विचारायचं असतं, तर तू विचारलं असतंस.” तावारेशने कॉलर वर केली. “चर्चमध्ये पत्ते हरवलेल्या जुन्या सभासदांची यादी आहे. पाच मिनिटांचं काम.”

विक्समला माहीत होतं. दोनदा उघडली होती ती यादी, आणि दोन्ही वेळा आडनाव न शोधताच मिटली होती. म्हातारा फसवतोय, फसवतोय, असं मनात घोकत राहिलो, आणि डोळ्यांवर कातडं मीच ओढून बसलो. त्याला दर मंगळवारी दोन माणसं हवी होती. आधीचे प्रचारक त्याला पाण्यातून काढून गेले, ते परत आले नाहीत, म्हणून त्याने ओळखलं की आम्हाला काय दिलं म्हणजे आम्ही येतो. ते द्यायला पुन्हा तयार झाला, बस्स. आणि मला? मला तो हवा होता, की शनिवार?

चढावर अर्ध्यात फोन वाजला. शेजारच्या गावातला त्यांचा म्होरक्या, एल्डर पेनरोड. गुरुवारी दहा वाजता तो म्हाताऱ्याची मुलाखत घ्यायला येणार होता. ठरलेले प्रश्न, पूर्वी कधी बाप्तिस्मा घेतलाय का वगैरे. त्याआधी काही सांगायचं आहे का, असं त्याने विक्समला विचारलं.

तावारेश दोन पावलं पुढे जाऊन थांबला होता. मागे वळून बघत नव्हता.

“नाही,” विक्सम म्हणाला. “सगळं ठीक आहे.”

फोन बंद झाल्यावरही तो कान देऊन उभा राहिला. अकरा आठवडे त्याने म्हाताऱ्याच्या, जोडीदाराच्या, बोलेल त्याच्या आवाजात खोट शोधली होती. आता तो स्वतःचा ‘नाही’ मनात पुन्हा पुन्हा ऐकत होता, सावकाश, संशयाने... आणि तो इतका साफ, इतका प्रामाणिक वाटत होता, की त्याला आपलीच भीती वाटली.