अमादिनचा साचा

सकाळी नऊच्या सुमारास इगुन या ओताऱ्यांच्या गल्लीतल्या ओमोरोग्बेने वारलेल्या वडिलांच्या, अमादिनच्या, स्मारक-शिराच्या साच्यात पितळ ओतायला सुरुवात केली. तासाभरात मोजून घेतलेलं सगळं पितळ आत गेलं. साचा भरला नाही.

ओताऱ्यांच्या घरात हे गणित सगळ्यांना पाठ असतं. शिराचा मेणाचा नमुना वितळवून काढण्याआधी तोलायचा, त्याच्या दसपट पितळ घ्यायचं, वर थोडं जास्तीचं. साचा भरला की हवेच्या भोकात पितळ चमकतं. इथे भोक काळंच होतं.

"गळतोय," मयताचे भाऊ ओबासुयी म्हणाले. साच्याभोवतीची माती उकरली. कोरडी होती, तडा कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी अमादिनच्या उत्तरक्रियेची सांगता होती. त्याचं शिर पूर्वजांच्या वेदीवर बसलं, तरच थोरला मुलगा म्हणून राहतं घर ओमोरोग्बेचं. नाही बसलं, तर भाऊबंद ठरवतील ते. त्यातही रीतीप्रमाणे ओताऱ्यांच्या वेदीवर मातीचं शिर असतं. पितळेचं राजाच्या वेदीवर.

"जन्मभर राजवाड्यासाठी पितळ ओतलं बाबांनी," ओमोरोग्बे म्हणाला. "आणि त्यांच्या वाट्याला माती?"

"तुझ्या आजोबांच्या वाट्याला काय आलं होतं, सोनं?"

"काका, टोमणे नंतर मारा. भाता चालवा."

त्याने मोड वितळवली. मग नळाच्या तोट्या, दाराच्या मुठी. बहीण इविये हिच्या दुकानातल्या न खपलेल्या घंटाही मुशीत गेल्या.

"दादा, पितळ बाबांना हवं होतं की तुला?"

"तू घंटा दे गं."

चौथी मूस रिकामी होताना भोकातून आवाज आला. घोट गिळल्याचा. थोडं थांबून पुन्हा एक. इविये मागे सरली. ओबासुयींनी भाता सोडला.

"अमादिन असंच पाणी प्यायचा," ते म्हणाले. "मध्ये थांबून."

मग ओबासुयींनीच वाट सुचवली. साच्याच्या आत मातीचा गाभा असतो, त्यालाही नाकडोळे असतात. "फोड साचा. गाभा काढू, तोच उद्या वेदीवर बसवू. रीतही राहील, घरही राहील."

ओमोरोग्बेने हातोडा घेतला. आधी सवयीने साच्यावर हलकं ठोकून पाहिलं. भरलेला साचा दबका वाजतो. हा घुमला. रिकाम्या रांजणासारखा.

"गाभा नाहीये आत," तो म्हणाला.

"मग पितळ कुठे गेलं?" इवियेने विचारलं.

त्याने हातोडा खाली ठेवला. फोडला आणि आत काही नसलं, तर वडिलांचं शिर त्याच्याच हातून गेलं, असं सगळी गल्ली म्हणणार. आणि दुसरं शिर कोणी घडवायचं, हे मग भाऊबंद ठरवणार.

सांगतेच्या दिवशी वेदीपुढे बकरा बांधलेला होता, शिर नव्हतं. वडीलधाऱ्यांनी ओमोरोग्बेला पुढच्या बाजारदिवसापर्यंत मुदत दिली आणि तोवर घराला कुलूप घातलं. तो अंगणात साच्याशेजारी झोपतो. गल्लीत त्याला आता कोणी मोड विकत नाही.

आज दुपारी ओबासुयींनी साच्याला हात लावून पाहिला. तो अजून गरम आहे. हवेच्या भोकाशी तळहात धरला, तेव्हा वारा आत ओढला जात होता, असं ते सांगतात. उद्या बाजारदिवस आहे. साचा फोडलेला नाही.