दोन लेकींमधला पूल

"अहो आई, माझ्या पेपरची सायटेशन्स एकदम वाढलीत!" चमचा हातात धरूनच मी ओरडले. लेक तोंड उघडून बसलेली, घास हवेतच.

सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकांनी त्यांच्या पेपरात आपल्या कामाचा उल्लेख करणं, एवढं सासूबाईंना मी कधीच पढवलं होतं. त्या खूश झाल्या. "म्हणत होते ना मी! काय म्हणालेत?"

मी फोनवर पुढचं वाचलं आणि चमचा वाटीत ठेवला. "म्हणालेत, हिला दिसलं ते खोटं."

"आणि तेही मोजतात?"

"मोजतात. कौतुक काय नि शिव्या काय, आकडा वाढतोच."

"मग आमच्या जाऊबाईंच्या कृपेने मी केवढी शास्त्रज्ञ झाले असते गं!"

हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. पुढच्या आठवड्यात माझी लॅब चालू ठेवायची की बंद करायची, हे संस्थेची समिती ठरवणार होती, आणि लॅबची सगळी भिस्त याच पेपरावर. एक पेशी दुभंगून तिच्या दोन लेकी होतात, तेव्हा थोडा वेळ त्यांच्यामध्ये एक बारीकसा पूल राहतो. त्या पुलावरून ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका एकीकडून दुसरीकडे जाताना मी पाहिल्या होत्या. आता एका नावाजलेल्या लॅबच्या प्रमुख बाई लिहीत होत्या, की पूल आहे, पण त्यावरून कुणीही जात नाही.

दुपारी लॅबमागच्या खोलीत दाराला कडी लावून लेकीसाठी दूध काढत बसले होते. तेवढा वेळ हक्काचा. एका हातात पंप, दुसऱ्यात त्यांचा पेपर. पद्धतीच्या परिच्छेदाशी आले आणि थबकले. त्यांनी नेहमीचं औषध वापरलं होतं: विभाजन मध्येच अडवायचं, मग औषध धुऊन सगळ्या पेशींना एकदम सोडायचं. वेळ वाचतो, म्हणून सगळेच वापरतात.

मी वापरलं नव्हतं! बाटलीवर लिहिलेलं असतं, गरोदर बाईने हात लावू नये. तेव्हा मी पोट सांभाळत मायक्रोस्कोपसमोर बसून राहिले होते, प्रत्येक पेशी आपल्या सवडीने दुभंगेपर्यंत. पेपरात तसं लिहिलंही होतं. पण आपली रोजची सवय मोडून ती ओळ कोण वाचतो?

ब्लाउजची बटणं खालीवर लावून मी धावतच बाहेर आले. मी अजून अंगावर पाजत होते, म्हणून पेशींची औषध घातलेली बशी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तयार केली, बिनऔषधाची मी. मग मला ओळखू येऊ नये म्हणून त्याने दोन्हींवरची नावं चिकटपट्ट्यांनी झाकली.

"कुठली कुठली ते सांगू नकोस हं."

"सांगतो की. एक पार्टी दे."

दुसऱ्या दिवशी दोन्ही बशांच्या, मायक्रोस्कोपखाली रात्रभर घेतलेल्या फिल्म्स लावल्या. पहिलीत पूल होता, नुसताच. रस्ता ओस. दुसरीत तंतुकणिकांची एक गाठ पुलाच्या तोंडाशी आली, अडली, अंग चोरून बारीक झाली आणि सुळकन पलीकडे!

"ही माझी! बिनऔषधाची!" मी इतक्या जोरात किंचाळले की बाहेरून कुणीतरी डोकावलं. सहकाऱ्याने त्या बशीवरची पट्टी ओढून काढली. माझीच.

मी थेट त्या प्रमुख बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे औषध न घालता वाट बघत बसायचं?"

"हो बाई. कंटाळा येईल इतकी."

त्यांनी "बघते" म्हणून फोन ठेवला. मग काहीच नाही. समितीच्या बैठकीच्या दिवशी मी खोलीच्या दाराशी उभी होते, तेव्हा फोन वाजला.

"अगं, जातायत! रांग लावून जातायत! आमच्या औषधानेच वाट मोडत होती. कुठे आहेस तू?"

"समितीच्या दारात."

"मग आत घेऊन चल मला."

मी दार ढकललं, फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि स्पीकर लावला. बाई बोलायला लागल्या: आमचा निष्कर्ष चुकला, पुढचा पेपर आम्ही दोघी मिळून लिहिणार. अध्यक्षांनी खुर्ची पुढे ओढली.

"लॅब बंद करायचा प्रश्नच उरत नाही," ते म्हणाले, "पण ती फिल्म आधी दाखवा पाहू!"