दादाला न विचारता

दादा सर्व्हर उभे करायचा आणि धाकटी त्यांवर सॉफ्टवेअर चढवायची. छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत बहीणभावाचा हा धंदा बरा चालला होता. दादाने आज्ञांची तयार स्क्रिप्ट सोडली की क्लाउडवर कुठेतरी नवंकोरं मशीन जागं व्हायचं आणि त्याला आकड्यांचा पत्ता मिळायचा, दर वेळी वेगळा. धाकटीची स्क्रिप्ट त्याच पत्त्यावर जाऊन पुढचं काम करणार, म्हणून दादा आपल्या टेबलावरून हाक मारायचा, "घे गं बारके!" आणि आकडे सांगायचा. ती टाइप करायची.

"अरे, दोन्ही स्क्रिप्ट जोडून टाकू की," ती कधीकधी म्हणायची.

"मग तुझ्याशी बोलायचं काय? हवापाणी?"

एका दुपारी त्याने सांगितलेला पत्ता दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा निघाला. स्क्रिप्टला काय कळतंय? तिने औषध दुकानांच्या चालत्या सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर चढवलं, आणि शहरभर त्यांची बिलं निघेनात. फोनवर फोन सुरू झाले.

"मी बरोबरच सांगितलं होतं," दादा तांबडालाल झाला. "तुझं लक्ष कुठं होतं?"

धाकटी भांडायला उठली आणि तिची नजर त्याच्या स्क्रीनवर गेली. बरोबर पत्ता तिथे ढळढळीत दिसत होता. दादाने तो वाचलाच नव्हता. मागच्या कामाचा, डोक्यात राहिलेला आकडा धडाधड म्हणून दाखवला होता. ती परत खाली बसली.

"असेल, माझंच चुकलं असेल," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात वहिनी जिना चढून आली. दादा खाली चहाला गेलेला बघूनच आली होती. "वन्सं, काल हे मुलीला आणायला म्हणून शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले हो. मुलगी नोकरीला लागलीय आपली!" एवढं बोलून ती खुर्चीत बसली आणि पदराने तोंड दाबून रडली.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हळूहळू सगळं विसरत जातील, म्हणाले.

वहिनी त्याला पुढच्या तपासणीला घेऊन गेली, तेव्हा धाकटीने स्क्रिप्ट जोडायचं ते काम उरकलं. एक सामाईक फाइल केली. दादाची स्क्रिप्ट नव्या मशीनचा पत्ता आपणहून तिथे लिहिणार, धाकटीची तिथूनच उचलणार. मधे माणूस नाही. आता त्याच्या हातून चूक होणार नाही, कुणी त्याला बोल लावणार नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी दादाने स्क्रिप्ट सोडली आणि हाक मारायला वळला. तिच्या स्क्रीनवर ओळी आधीच धावत होत्या.

"पत्ता कुणी दिला तुला?"

"तुझ्याच स्क्रिप्टने, दादा. फाइलमध्ये लिहिते ती आता."

तो उठून आला, तिच्या खांद्यावरून वाकून फाइल वाचली. कसबी माणूस, एका नजरेत उमगलं त्याला. "झकास केलंस," तो म्हणाला. "मीच करायला हवं होतं." मग जागेवर जाऊन बसला. बऱ्याच वेळाने, तिच्याकडे न बघता म्हणाला, "म्हणजे आता मला विचारायला नको."

"तसं नाही रे," ती म्हणाली. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर तो काही दिवस आला, खुर्चीत बसून राहिला, मग यायचा थांबला. धाकटी मुद्दाम फोन करून काहीबाही विचारायची. तो आनंदाने सांगायचा, बहुतेक चुकीचं. "बरं झालं सांगितलंस," म्हणून ती फोन ठेवायची आणि रिकाम्या खोलीत मनसोक्त रडून घ्यायची.

वर्ष सरता सरता त्याच्या आठवणीतून तीही गेली. एका रविवारी ती त्याच्या घरी जाऊन शेजारी बसली, तेव्हा त्याने अदबीने विचारलं, "आपण काय करता?"

"सर्व्हरचं काम करते."

"एकट्याच?"

"भाऊ असतो ना बरोबर."

"कामाला कसा आहे?"

"माझ्याहून सरस."

दादाला बरं वाटलेलं दिसलं. खिडकीबाहेर ऊन उतरत होतं, तिकडे बघून तो म्हणाला, "मग निघा आता. वाट बघत असेल तो."

"हो, निघते," ती म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.